सात किलोंचा समुद्र

सोलापुरातून विमान उडायला लागलं, तेव्हा पहिला हवेत गेलो तो मी. विमान त्यानंतर गेलं.

त्याचं असं झालं. होटगी रोडच्या विमानतळावरून थेट गोव्याला जाता येतं हे पेपरात वाचलं आणि ऑफिसात मी सहज बोलून गेलो, "आपण तर जाणार बुवा! आणि नुसतं जाणार नाही, सगळा प्रवास शूट करून आणणार." (मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. माझी स्वतःची जावक आजवर कुर्डुवाडीपलीकडे फारशी गेलेली नव्हती.) शेजारच्या टेबलावरचा नंदीश लगेच म्हणाला, "मग पृथ्वीराजभाऊ, चॅनेल काढा की!"

झालं! संध्याकाळपर्यंत चॅनेल निघालं, आठवड्यात कॅमेरा आला, आणि कॅमेरा एकटा कसा राहणार म्हणून त्याच्यामागून त्याचं सगळं खटलं आलं. तिपाई आली, हात थरथरला तरी चित्र थरथरू नये म्हणून धरायचा दांडा आला, बॅटऱ्या, पॉवर बँक, वायरींची भेंडोळी आणि वाऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून केसाळ टोपडं घातलेला एक माईकही आला.

आईने खोक्यात डोकावून पाहिलं. आई म्हणजे मथुराबाई, मूळ मुक्काम मोडनिंब, वय ऐंशीच्या घरात.

"पिरत्या, ह्ये मांजराचं पिल्लू कशाला आणलंस?"

"आई, तो माईक आहे. त्यात बोलायचं असतं."

"मांजरासंगं?"

"लोकांशी गं! लोक नंतर ऐकतात."

"बोल बाबा," आई म्हणाली. "घरात तर तुजं कुनी ऐकत न्हाय."

तिने मग विमानाची चौकशी केली. त्याला बाहेरून पंखे असतात हे कळल्यावर "मग बरं हाय, उकडायचं न्हाय," म्हणाली. मी म्हटलं, तूपण चल. तर म्हणे, "माजं गुडगं जिन्यात ऐकंनात, इमानात काय ऐकतील? तू जा आन समुद्र घिऊन ये. मी हितं बसून बगते. पिरत्या, उजनीच्या पान्यापेक्षा मोटा असतोय व्हय रं?"

"आई, उजनी म्हणजे त्याच्यापुढे तांब्याभर पाणी!"

"तांब्याभर! अगं बया!" आईचे डोळे असे चमकले की मला भरूनच आलं. माझ्या आईने उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. विहीर पाहिली, कॅनॉल पाहिला, उजनी पाहिली आणि तिथं तिचं पाणी संपलं. मी तिथल्या तिथे छातीवर हात ठेवून म्हणालो, "आई, तुला समुद्र दाखवला नाही, तर पृथ्वीराज नाव लावणार नाही." दुसऱ्या दिवसापर्यंत तिने अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण दिलं होतं. माझा ल्योक समुद्र आणनार हाय, बगायला या.

आता प्रश्न इज्जतीचा झाला, माझ्या आणि कॅमेऱ्याच्याही.

पॅकिंगचा अभ्यास मी रीतसर केला. सगळे जाणकार एकच सांगत होते की कॅमेऱ्याचं सामान विमानाच्या पोटात द्यायचं नाही, ते हातातल्या बॅगेतच हवं. आणि हातातल्या बॅगेला परवानगी सात किलोंची.

"तिपाई द्या माझ्या मोठ्या बॅगेत," वैजयंता म्हणाली. वैजयंता म्हणजे माझी बायको. "ती काय फुटतीय होय? कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि तुमचे कपडे घालूनसुद्धा जागा उरलीय."

"अगं, गियर कायम हाताशी लागतं. आभाळात एखादा सीन दिसला तर काय पायलटला थांबायला सांगू?"

"तिपाई लावणार विमानात?"

कलावंताने सगळ्याच प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात. (शिवाय उत्तर नव्हतं.)

बॅग भरली आणि वजनाला खाली गुरुबसप्पांच्या किराणा दुकानात नेली. त्यांनी काट्यावरचं साखरेचं पोतं उतरवून माझी बॅग चढवली. आकडा बघून म्हणाले, "साहेब, विमान न्हाई, टेंपो लागतोय."

मग मी काट्याशेजारी बसून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. टॉवेल काढला, लुंगी काढली, दाढीचं सामान काढलं. बॅटऱ्या आणि वायरी काढून जॅकेटच्या खिशांत भरायला बाजूला ठेवल्या. पॉवर बँकही तिकडेच. तरी काटा सातच्या जरा वरच. शेवटी बॅगेच्या तळाशी काढण्यासारखं उरलं काय, तर माझा चाळिशीचा चष्मा आणि कॅमेऱ्याबरोबर आलेलं काच पुसायचं फडकं. दोन्ही बाहेर काढले.

"चष्मा डोळ्यावर घाला की," गुरुबसप्पा म्हणाले. "नाकावरच्याचं वजन कोन करतंय?"

"कॅमेरामन चष्म्यात शोभत नाही, गुरुबसप्पा."

"आणि फडकं?"

"नव्याकोऱ्या कॅमेऱ्याला कुठली आलीय धूळ?"

काट्यावर बरोब्बर सात उमटलं. ना कमी, ना जास्त. मी अभिमानाने आजूबाजूला पाहिलं. तूरडाळ घ्यायला आलेल्या बाईंनीही मान डोलावली. एवढं काटेकोर काम मी ऑफिसात केलं असतं, तर आज साहेब झालो असतो. चष्मा आणि फडकं तिथेच गुरुबसप्पांच्या गल्ल्यावर ठेवून मी वर आलो.

निघायच्या सकाळी मी आतल्या खोलीत जॅकेट चढवत होतो. एप्रिलमधलं सोलापूर, पंख्याखाली उभं राहिलं तरी घाम पाठीवरून ओघळतो, आणि मी खिशाखिशात बॅटऱ्या भरलेलं जाडजूड जॅकेट घालून त्याच्या चेनशी झटत होतो. बाहेर हॉलमध्ये आईने ताट सजवलं होतं. आमच्या घरात कुठलंही यंत्र हळदी-कुंकवाशिवाय चालू होत नाही. स्कूटरला झालं, मिक्सरला झालं, फ्रिजच्या दारावरचं स्वस्तिक तर अजून आहे. तेव्हा समुद्र आणायला निघालेल्या कॅमेऱ्याला कोरडा कोण पाठवणार?

"वैजंता, त्येचं टोपान काड की," आईचा आवाज ऐकू आला. "कपाळ कुटं हाय ह्येला?"

चेन एकदाची लागली आणि मी बाहेर आलो, तोवर कार्यक्रम आटोपला होता. बॅगेवर स्वस्तिक, तिपाईच्या तिन्ही पायांना हळदी-कुंकू, आणि माईकच्या केसांत मधोमध भांग पाडून त्यात कुंकू भरलेलं. माईक अगदी सासरी निघाल्यासारखा दिसत होता. मी मनापासून हसलो, आईच्या पाया पडलो, बॅग खांद्याला लावली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं.

"अहो, जरा कॅमेरा..." मागून वैजयंता म्हणाली.

"अगं ए, निगताना मागनं टोकू नगं!" आई कडाडली. शकुनापुढे कुणाचं काय चालतंय?

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवली. बरोब्बर सात! मी तिच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं. तिने "पुढे चला, सर" म्हटलं. तपासणीत मात्र जॅकेट काढावं लागलं. मी एकेक खिसा रिकामा करायला लागलो. एक ट्रे भरला, दुसरा भरला, तिसरा भरला. मागून एक जण म्हणाला, "काका, लवकर आटपा की! दुकान टाकताय व्हय?" तपासणाऱ्या जवानाने कुंकवाचा माईक हातात घेतला, भांगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जपून परत ट्रेमध्ये ठेवला. आपल्या संस्कृतीचा एवढा मान राखला, बघा.

विमान वर गेलं. मी खिडकीशी कॅमेरा लावला. खाली आपलं सोलापूर बोटाएवढं झालेलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या आरोहीने फोनवर एकच गुरुमंत्र दिला होता, "बाबा, पडद्यावर लाल ठिपका दिसला की समजा रेकॉर्डिंग चालू आहे." मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. लाल ठिपका होता. चष्मा नव्हता तरी दिसत होता, इतका मोठा आणि मधोमध होता. कंपनीने माझ्यासारख्यांचा विचार करून ठिपका मोठा ठेवलाय, या विचाराने मला बरं वाटलं. शंका नको म्हणून कॅमेरा बंद करून पाहिला. ठिपका गेला. चालू केला, ठिपका आला. आता याहून मोठा पुरावा काय हवा?

"अहो, त्या काचेवर..." वैजयंता कानाशी येऊन म्हणाली.

"शूऽऽ! आवाज रेकॉर्ड होतोय."

ती जी गप्प बसली, ती गोव्यापर्यंत. उतरल्यावरही तिने विषय काढला नाही. मीच कुठेतरी पुसलं असेल असं तिला वाटलं, हे तिने नंतर सांगितलं.

गोव्यात मी समुद्र असा शूट केला की समुद्रालाच लाज वाटावी. वाळूत तिपाई रोवली, माईक शर्टाला लावला. जॅकेट घालूनच पाण्यात उभा राहिलो. "मित्रांनो, हा पाहा अथांग सागर! उजनी याच्यापुढे तांब्याभर!" सूर्योदय घेतला, सूर्यास्त घेतला, होड्या घेतल्या, खेकडा घेतला. आणि दर वेळी पडद्यावर तो लाल ठिपका इमानाने हजर. एकदासुद्धा रेकॉर्डिंग चुकलं नाही. वैजयंता सावलीत बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होती. मधे उठून पाण्यापर्यंत गेली आणि मोबाईलवर काहीतरी टिपून परत आली. हौशी लोक असंच करतात, मी लक्ष दिलं नाही.

परत आल्यावर मी काहीच आधी पाहिलं नाही. पहिला खेळ आईसमोर, सगळ्यांच्या साक्षीने होणार होता. रविवारी हॉल गच्च भरला. ऑफिसातला नंदीश आला, तूरडाळ घेणाऱ्या त्या बाई आल्या, गुरुबसप्पा दुकानातून येताना स्वतःची खुर्ची घेऊन आले आणि माझा चष्माही घेऊन आले. आई सगळ्यांच्या पुढे बसली होती. तिने लग्नाकार्यालाच निघणारं जरीचं नऊवारी नेसलं होतं. समुद्राला पहिल्यांदा भेटायचं, तर साध्या लुगड्यात कशी भेटेल?

मी रुबाबात बटण दाबलं. टीव्हीवर लाटांचा आवाज घुमला, निळं आभाळ आलं, खाली वाळू आली. आणि मधोमध, जिथं समुद्र असायला हवा तिथं, ताटाएवढा लालभडक गोळा.

मी चष्मा लावला. गोळा आणखी स्पष्ट झाला. पुढचा व्हिडिओ लावला. गोळा. सूर्यास्त लावला. तिथे दोन गोळे, त्यातला सूर्य कुठला ते मलाही सांगता येईना. होडी गोळ्यात शिरायची आणि पलीकडून निघायची.

"भाऊ, कुठला फिल्टर लावलाय?" नंदीशने विचारलं. मागे कुणीतरी खुसखुसलं.

"फिल्टर कसला?" वैजयंता माझ्याकडे बघत म्हणाली. "आईंनी काचेवर कुंकू लावलंय. दोनदा सांगायला आले. एकदा शकुन आडवा आला, एकदा रेकॉर्डिंग."

गुरुबसप्पा हळूच म्हणाले, "फडकं माझ्या गल्ल्यावरच हाय."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. लोक हसतील त्याचं काही नव्हतं. मला रोज ऑफिसात सवय आहे. पण आई! जरीचं लुगडं नेसून बसलेली माझी आई त्या लाल गोळ्याकडे टक लावून बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. वैजयंताला ते कळलं असावं. तिने पटकन उठून आपला मोबाईल आईच्या हातात दिला. "आई, हा बघा समुद्र. मी पण काढलाय. अगदी स्वच्छ आलाय."

खरंच सुरेख आला होता. लाट यायची, वैजयंताच्या पायांवर फुटायची आणि फेस ठेवून मागे जायची. आईने तो नीट बघितला, पुन्हा एकदा बघितला. मग मोबाईल परत दिला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पर ह्यो मोकळाच हाय. माज्या लेकानं आणलेला बगा! मी हितं, सोलापुरात बसून बोट लावलं, आन त्ये पार समुद्राला जाऊन लागलं. माजं कुकू पोचलं बगा तितं!" तिने टीव्हीसमोर हात जोडले, डोळ्यांना पदर लावला आणि मागे वळून सगळ्यांना दटावलं, "हसताय काय? तुमच्यापैकी कुनी लावलंय व्हय समुद्राला कुकू?"

कुणीच लावलं नव्हतं. खुसखुस बंद झाली. गुरुबसप्पांनी हात जोडले, तूरडाळवाल्या बाईंनीही जोडले, आणि नंदीशने चक्क टाळ्या वाजवल्या. माझी छाती अशी फुगली की ते जॅकेट परत अंगात शिरलं नसतं. खोटं कशाला सांगू, आईच्या तोंडून "माज्या लेकानं" ऐकलं आणि मला पारितोषिक मिळाल्यासारखं वाटलं.

मग मला कोण थांबवणार? मी उरलेले सगळे व्हिडिओ लावले. किनाऱ्यावर उभं राहून मी स्वतः माहिती देतोय, ते तर खास दोनदा लावले. आवाज खणखणीत होता. चित्रात जॅकेट होतं, हात होते, पाण्यात उभे पाय होते.

आई पुढे सरकून बघायला लागली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"पिरत्या, आवाज तुजा येतुया. पर तू कुटं हायस?"

"आई, तो लाल गोळा दिसतोय ना? त्याच्या मागे माझं तोंड आहे."

आईने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"मग त्येवडं पुसू नगंस बाबा," ती म्हणाली. "कदी नव्हं ते झ्याक दिसाय लागलायस."