फोडवाले इब्राहिमचाचा

इब्राहिमचाचा लिफ्टमध्ये शिरले की आधी बाह्या वर सरकवतात. दोन्ही हातांवर द्राक्षांएवढे टम्म फोड. लोक भिंतीला चिकटतात, एखादा तर पुढच्याच मजल्यावर उतरून जातो. चाचा ऐसपैस उभे राहतात आणि म्हणतात, "मफी मुश्किल," म्हणजे काही हरकत नाही.

चाचा रत्नागिरीकडचे. इथे बहरीनमध्ये बाब अल बहरीनच्या बाजाराजवळ कापडाच्या दुकानात कामाला, गुदैबिया वस्तीत माझे शेजारी. लोकांच्या या पळापळीचा मला भयंकर संताप. हा रोग संसर्गाने होत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणाच आपल्या कातडीवर उलटते. मी तसं पत्रक लिहिलं, 'माणसापासून पळणाऱ्या भेकडांनो' अशी सुरुवात करून, आणि लिफ्टमध्ये चिकटवलं. संध्याकाळी ते फाडलं कुणी? चाचांनीच.

"लीडर, तुझ्या कागदापायी लिफ्टमधली माझी ऐसपैस जागा जाईल. चाचीच्या भाजीच्या पिशव्या काय डोक्यावर ठेवू?"

बसमध्येही शेजारची सीट रिकामी मिळते, म्हणून ते खूश असतात.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. फोड तपासून झाल्यावर बाईंनी विचारलं, "हात थरथरतो? विसरायला होतं?"

चाचा भडकले. "कातडीच्या डॉक्टरने कातडी बघावी. डोक्यात फोड आलेत का माझ्या?"

बाई शांत होत्या. असे फोड येणाऱ्या वयस्कर माणसांत मेंदूचे आणि मज्जातंतूंचे आजार जास्त आढळतात, म्हणाल्या. वरच्या मजल्यावर न्यूरॉलॉजिस्ट बसतात, आजच दाखवून घ्या.

बाहेर येऊन चाचा बाकावर बसले ते उठेचनात. मी पेशंटच्या हक्कांवर बोलायला लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं.

"परवा हिचं नाव आठवेना. दुपारभर. 'अगो, अगो' करून भागवलं. वर गेलो आणि तो डॉक्टर म्हणाला, अजून नावं जाणार, तर?"

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसलो.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर फक्त 'घर'. हात दुखतो म्हणून चाचा नेहमी स्पीकरच लावतात.

"मी हलीमा बोलतेय," चाची म्हणाल्या. "तुमची हलीमा. जेवायला कधी येताय?"

एवढ्या वर्षांची बायको, आणि फोनवर आपलं नाव सांगत होती. चाचांनी मोबाइल तोंडाजवळ धरला.

"उशीर होईल, हलीमा," ते म्हणाले. "डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन येतो, हलीमा."



"या," चाची म्हणाल्या. "जेवायची थांबते मी."