सासूबाई, अ‍ॅव्होकॅडो आणि शेडमास्तर

"आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या मला!" शेडमास्तरांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली. "आईंनी अ‍ॅव्होकॅडो मागून मागून खाल्ला नाही, तर दुकानाला रामराम ठोकून घरी बसेन!"

"एवढी शिक्षा नका हो देऊ," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे मला हो. तुम्ही दिवसभर घरात म्हणजे माझी साखर वाढायची ती वाढेलच, वर रक्तदाबही जडेल."

झालं होतं असं, की डॉक्टरांनी सासूबाईंचा रिपोर्ट पाहून ब्रेड, भात, बटाटे, बिस्किटं आणि साखर यांवर एका दमात काट मारली होती. अंडी खा, भाज्या खा आणि पोट भरायला अ‍ॅव्होकॅडो खा, असं सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी त्या फळाची एक फोड जिभेवर ठेवली, खिडकीबाहेर पाहत कशीबशी गिळली आणि जाहीर केलं, "आठ दिवसांत इथे काही खाण्यासारखं मिळालं नाही, तर मी थोरलीकडे जाते. तिथे बिस्किटं कोणी मोजत नाही."

थोरल्या लेकीकडे बिस्किटांचे डबे उघडेच असतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे गेल्या की महिन्याभरात साखर आभाळाला भिडणार, याची शेडमास्तरांच्या बायकोला काळजी. शेडमास्तरांची काळजी मात्र थोडी निराळी होती, आणि ती ते कोणापाशी बोलत नव्हते. बायको नर्स. तिची ड्यूटी बहुतेक दुपारनंतरची. त्यामुळे गेली चार वर्षं संध्याकाळी दार उघडायला सासूबाईच असत. आत पाऊल टाकायच्या आधी प्रश्न यायचा, "काय, आज कुणाच्या भिंती बिघडवल्या?" मग चहा, मग पत्ते, मग पत्त्यांवरून भांडण. खरं सांगायचं तर या बाईंवाचून शेडमास्तरांना आता करमतच नसे.

त्यांचं कामही जरा न्यारं. रंगांच्या दुकानात हवी ती छटा बनवून देण्यात त्यांची हयात गेली, म्हणूनच सगळे त्यांना शेडमास्तर म्हणत. लोक पडद्याचा तुकडा आणत, फुटकी बशी आणत, एका बाईने तर पोपटाचं पीस आणलं होतं. मास्तर डोळे बारीक करून बघणार, दोन थेंब याचे, एक थेंब त्याचा, की हुबेहूब तोच रंग! बावीस वर्षांत एक डबा परत आलेला नव्हता. जो माणूस पोपट बनवू शकतो, त्याला एक फळ काय जड?

पहिल्या दिवशी सूप झालं.

"भिंतीची पुट्टी गरम करून आणलीत का?" सासूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅव्होकॅडोच्या खळग्यात अंडं फोडून ते ओव्हनमध्ये ठेवलं. अंडं खळग्यात राहीना. ते घरंगळून ओव्हनच्या तळाशी गेलं आणि तिथेच कायमचं चिकटलं. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी काकडीच्या चकत्यांवर अशी सुरेख हिरवी नक्षी काढली की सासूबाई म्हणाल्या, "फ्रेम करून लावा. खाण्याचं मात्र बोलू नका." चौथ्या दिवशी बिनसाखरेचा कोको घालून पुडिंग झालं. सासूबाईंनी कुंडीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि वाटी कुंडीत रिकामी केली.

"डॉक्टरांनी जगण्यातली चवच बंद केली बाई," त्या रोज रात्री थोरलीला फोनवर सांगत.

मास्तर खचले नाहीत. त्यांनी एक वही केली होती. 'सोमवार : फिकट, निस्तेज. मंगळवार : पिवळट झाक. बुधवार : अर्ध्या तासात काळवंडला, लिंबू वाढवणे.' लिंबाने रंग टिकतो हे कळल्यावर तर त्यांना परीसच सापडला. रोज लिंबू वाढत गेलं. घरात दुसऱ्या कोणाला बोट लावायची परवानगी नव्हती. "ते आईंचं आहे!" ते बायकोवर डाफरत, आणि स्वतःही बोट लावत नसत.

आठवा दिवस उजाडला. सासूबाईंची बॅग भरून दाराशी आली होती. मास्तर दोन अ‍ॅव्होकॅडो घेऊन दुकानात गेले. जेवणाच्या सुट्टीत रंग घोटायची कोरी करकरीत पट्टी घेऊन त्यांनी ते घोटायला घेतले. समोरच सकाळी बनवलेला नमुन्याचा डबा होता. दातांच्या डॉक्टरीणबाईंना दवाखान्यातल्या बाकांमागच्या भिंतीसाठी हवा असलेला, डोळ्यांना गारवा देणारा हिरवा रंग! बस्स, हाच! मास्तरांनी थोडं घट्ट दही घातलं, लिंबू पिळलं, आणखी दही, आणखी लिंबू. शेवटी दोन्हींत तसूभर फरक उरला नाही. त्यांनी आपली कलाकृती नमुन्याच्याच एका नव्या डब्यात भरली आणि सवयीने, सवय मेली कुठली सुटते, झाकणावर तिचा एक ठिपका लावला. आत कोणता रंग आहे ते बाहेरून कळावं म्हणून दुकानात प्रत्येक डब्याला लावतात, तसा. मग दोन्ही डबे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

दुपारी गर्दी उसळली. डॉक्टरीणबाईंचा रंगारी आला, म्हणाला, "आमचा हिरवा?"

"तो काय, काउंटरवर," मास्तर मान वर न करता म्हणाले.

थोड्या वेळाने बायको आली. त्या दिवशी तिची सकाळची ड्यूटी होती. "अहो, आईचा डबा?"

"काउंटरवर! थेट फ्रीजमध्ये ठेव, आणि भूक लागली की लगेच दे!"

पाच वाजता फोन वाजला.

"अहो, हा काय रंग दिलाय तुम्ही?" पलीकडून डॉक्टरीणबाई कडाडल्या. "भिंतीवर हिरवा लावला, तासाभरात तपकिरी झाला! पेशंट आधीच घाबरलेले असतात माझे! आणि तुम्हाला सांगते, तो रंगारी... तो रंगारी उरलेला रंग खातोय!"

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. रंगारी जर अ‍ॅव्होकॅडो खात असेल, तर घरी फ्रीजमध्ये...

त्यांनी घरी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. सासूबाई थोरलीशी बोलत असणार! बायकोचा फोन लावला, तो तिच्या पर्समध्ये आणि पर्स नेहमीप्रमाणे कपाटात. मास्तरांनी अंगावरच्या रंगाने माखलेल्या एप्रनसकट धूम ठोकली. वाटेत एका सायकलवाल्याला धडकले, एका कुत्र्याला चुकवलं, दोन जिने तीन उड्यांत चढले आणि दार ढकलून ओरडले, "आई! थुंका!"

टेबलावर डबा उघडा होता. शेजारी चमचा, हिरवागार. सासूबाई फोन कानाला लावून शांत बसल्या होत्या.

"थांब गं, जावईबापू आलेत. थुंका म्हणतात मला," त्यांनी थोरलीला सांगितलं आणि फोन ठेवला. "खाल्लं नाही मी. चमचा तोंडाशी नेला तर वास आला. आठ दिवसांत तुम्ही केलेल्या पदार्थाला पहिल्यांदाच कसला तरी वास होता, म्हणून संशय आला!"

मास्तर मटकन खुर्चीत बसले.

"उद्या सकाळच्या गाडीने निघते," सासूबाई म्हणाल्या. "इथे उपाशी तरी मरेन, नाहीतर ऑइलपेंटने."

"तो ऑइलपेंट नाही, पाण्यात मिसळणारा आहे," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी खुर्ची सासूबाईंकडे सरकवली. "आई, जाऊ नका. मला नाही जमलं, कबूल आहे. पण तुम्ही गेलात तर संध्याकाळी दार कोण उघडणार? पत्त्यांत लबाडी कोण करणार?"

"मी लबाडी करते?" सासूबाई गरजल्या, पण नेहमीसारख्या नाही. त्या उगाचच चमचा पुसू लागल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात दुकानातून पत्ता घेऊन आलेल्या डॉक्टरीणबाई, आणि त्यांच्यामागे डबा छातीशी धरलेला रंगारी.

"साहेब, यात काय काय घातलंय तेवढं सांगा," रंगारी हात जोडून म्हणाला. "कोऱ्या ब्रशला लिंबाचा वास आला, म्हणून चाखून बघितलं. नुसतं आंबटढाण होतं. मग माझ्या जेवणाच्या डब्यातलं मीठ घातलं, मिरपूड घातली आणि उकडलेल्या अंड्यावर घेतलं. काय सांगू! निम्मा डबा कधी संपला कळलंच नाही!"

सासूबाई ताडकन उठल्या. "माझ्यासाठी केलेलं तुम्ही संपवलंत? माझ्या जावयाने आठ दिवस राबून माझ्यासाठी केलं, आणि तुम्ही भिंतींना फासलंत? आणा इकडे!"

त्यांनी डबा हिसकावला, तळाचं खरवडलं, तोंडात घातलं. त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा.

"मीठ!" त्या हळूच म्हणाल्या. "यात मीठ आहे!"

"म्हणजे?" स्वयंपाकघरातून आलेल्या बायकोने विचारलं. "एरवी नसायचं?"

"कणभर नसायचं! मला वाटलं डॉक्टरांनी मीठही बंद केलंय. म्हणून तर बोलले नाही."

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या.

"मिठाने रंगात काही फरक पडत नाही," मास्तर चाचरत म्हणाले. "म्हणून... सुचलंच नाही."

"अहो, पण चव बघितली नाहीत कधी?" बायको म्हणाली.

"रंग बघितला की!"

सासूबाई आधी खुदकन हसल्या, मग पदराने डोळे पुसत हसल्या, शेवटी खुर्चीचा आधार घेऊन हसल्या. डॉक्टरीणबाईंचाही राग कुठल्या कुठे गेला. "जाऊ द्या. तसा तो तपकिरी आता मला बरा वाटायला लागलाय. तोच बनवून द्या. मात्र न सडणारा!"

मंडळी गेल्यावर सासूबाईंनी बॅग स्वतः आत नेली आणि थोरलीला फोन लावला. "नाही येत मी. यांना मीठ सांगायला घरात कोणीतरी हवं ना!" मास्तरांनी तोंड फिरवलं. त्यांना एकदम भरून आलं होतं.

फोन ठेवून सासूबाईंनी डब्यात उरलेला दोन चमचे अ‍ॅव्होकॅडो एका बशीत काढला आणि मास्तरांपुढे सरकवला. "घ्या. आजपासून तुम्हीही माझ्याबरोबर हेच खायचं. एकटीने खाण्यात काय मजा?"

शेडमास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा अ‍ॅव्होकॅडो तोंडात घातला. मीठ होतं, मिरपूड होती, लिंबू होतं. सगळं व्यवस्थित होतं, आणि तरीही तो त्यांना अजिबात, म्हणजे अजिबात आवडला नाही!

"कसा आहे?" सासूबाईंनी कौतुकाने विचारलं.

"फक्कड!" मास्तर म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी दुसरा चमचा घेतला.