चारशे खोटे पेशंट

“तुम्ही आठ दिवस रजेवर जाणार, आणि तुमची ती स्क्रिप्ट चकार शब्द बोलत नाही,” मॅडम रजेचा अर्ज बाजूला सारत म्हणाल्या. “मध्येच बंद पडली तर आम्ही कुणाचं तोंड बघायचं? आधी तिला बोलती करा, मग सही.”

दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या त्या ऑफिसात सॉफ्टवेअरची रोजची जुळणी, म्हणजे ‘बिल्ड’, तो सांभाळायचा, म्हणून त्याला सगळे बिल्डभाऊ म्हणत. त्याने लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, रोज दुपारी खऱ्या डेटाबेसचा बॅकअप घ्यायची, मग चाचणीसाठी ठेवलेली नकली प्रत पुसून पुन्हा भरायची आणि शेवटी ऑफिसच्या ग्रुपवर एकच शब्द टाकायची: ‘झालं’. सहा वर्षं सगळ्यांचं तेवढ्यावर भागलं होतं. पण उद्या सकाळची गाडी होती, बायकोने बॅगा भरल्या होत्या आणि लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच कुठे निघाली होती. भाऊने बाह्या सरसावल्या आणि स्क्रिप्टच्या प्रत्येक पायरीला एकेक वाक्य चिकटवलं. तेही मॅडमना कळेल अशा सोप्या भाषेत.

दुपारी दोनला स्क्रिप्टला कंठ फुटला. ‘झालं’ जिथे जातं तिथेच ही वटवटही जाणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

‘सगळे पेशंट पुसले.’

‘सगळे डॉक्टर पुसले.’

‘खोटे पेशंट भरतो आहे: ४०० पैकी १.’

‘४०० पैकी २.’

फोन सांभाळणाऱ्या ताई धावत आल्या. “भाऊ, डॉक्टर पुसले म्हणजे काय? मी आता फोन कुणाला जोडू?”

“ताई, ते नकली डॉक्टर आहेत हो.”

“नकली? अगं बाई! म्हणजे सकाळपासून मी बोलतेय ते कोण?”

त्यांच्या मागून हिशेबनीस आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “खोटे पेशंट भरायचेत तर भरा. पण ग्रुपवर कशाला जाहीर करताय?”

“अहो काका, तसं नाहीये ते...”

तेवढ्यात मॅडमचा फोन. “मी मीटिंगमध्ये आहे. माझी स्क्रीन भिंतीवर लावलीये. समोर तीन डॉक्टर बसलेत आणि सगळे मिळून वाचताहेत. आत्ता दोनशे बारावा आला.”

“मॅडम, तो चाचणीचा डेटा आहे, म्हणजे खरा नाही, पण खोटाही...”

“मला काही समजत नाहीये, यांना काही समजत नाहीये. तुम्हाला तरी समजतंय का?”

 भाऊने फोन ठेवला, जोडलेली सगळी वाक्यं उपटून काढली आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ‘झालं’, ती म्हणाली. ऑफिसने सुटकेचा निःश्वास टाकला.

चार वाजता मॅडम स्वतः त्याच्या टेबलाशी आल्या. “हे बघा, आता कसं स्पष्ट कळतंय!” त्यांनी अर्जावर सही ठोकली.

निघण्यापूर्वी तो ग्रुपवरचे आजचे संदेश पुसत बसला. पुसत पुसत सगळ्यात वर पोचला. पेशंट, डॉक्टर या सगळ्यांच्याही आधी एक ओळ होती, आणि तिच्याबद्दल कुणी त्याला हटकलं नव्हतं.

‘बॅकअपची डिस्क सापडली नाही. दुर्लक्ष करून पुढे जातो.’

ती डिस्क चार वर्षांपूर्वी जुन्या कपाटाबरोबर भंगारात गेली होती. आणि ती ओळ, ती दुर्लक्ष करण्याची सूचना, त्याची स्वतःची होती; आजवर ती ग्रुपवर जातच नव्हती. लग्नाच्या रजेवर निघताना, घाईघाईत, तात्पुरती म्हणून लिहिलेली. साठ दवाखान्यांचे खरेखुरे पेशंट चार वर्षं नुसते देवाच्या भरवशावर होते.  नवी डिस्क बसवून सगळं उतरवून तपासायचं म्हणजे तीन दिवस तरी हवेत. तशी कुणाला कानोकान खबर नव्हती. गाडी पकडायचा मोह त्याला झाला, अगदी मनापासून झाला. मग त्याने घरी फोन लावला.

“अगं, बॅगा उघड. उद्या नाही निघत आपण.”

“का? मॅडमनी रजा नाही दिली?”

“दिली की.”

“मग नाही कोण म्हणालं?”

“मीच,” तो म्हणाला.