जगदाळे सरांचा राखणदार

विहिरीवरची मोटार चोरीला गेली तेव्हा हवालदाराने विचारले, "सर, संशय कुणावर?"

"समाजव्यवस्थेवर," जगदाळे सर म्हणाले.

हवालदाराने लिहिता लिहिता मान वर केली. "ऱ्हाणार कुठली?"

बारामतीत समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर आमच्या निमगाव केतकीत, माझ्या बांधाशेजारी, डाळिंबाची बाग करीत. चोरी झाली की गाव चोर शोधी आणि सर कारण. हाव सर्वांना लावायची आणि कमाईची वाट मोजक्यांनाच ठेवायची, हे पहिले कारण. दुसरे संगत, चोरीसुद्धा कुणीतरी शिकवावीच लागते. तिसरे त्यांचे लाडके: "माणसाला चोर म्हणत राहा, तो तुमचा शब्द खाली पडू देत नाही."

गाव म्हणते, सर भोळे होते. साफ खोटे. डाळिंबाची पाटी त्यांनी मला कधी न मोजता दिली नाही.

केबल चोरल्याची शिक्षा भोगून आलेल्या संपतला कुणी कामावर घेईना. सरांनी त्याला बागेचा राखणदार नेमले. मी स्पष्ट सांगितले, "हा प्रयोग फळे उतरल्यावर करा."

"तात्या, रिकाम्या बागेत विश्वास कोण ठेवत नाही?"

बाग तोडणीला आली असतानाच सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बारामतीला गेले. ते ज्या संध्याकाळी परतणार होते, त्याच संध्याकाळी बाग कुणीतरी तोडून नेली. सकाळी सरांच्या अंगणात गाव जमले. मधोमध संपत.

"राखणदार बाग सोडून जातोच कसा?" सरपंच कडाडले. "सामील हाय ह्यो. बोलवा पोलीस!"

मी काठी आपटली. "अरे, उत्तर दे!"

"सर गाडीतनं उतरलं न्हाईत," तो खाली बघत म्हणाला. "डोळ्याचं आपरेशन. रस्ता कसा वलांडत्याल, म्हणून फाट्यावर थांबलो. ह्या गाडीला न्हाय तर पुढच्या गाडीला येत्याल म्हणलं."

"फोन करायला काय झालं हुतं?" सरपंचांनी विचारले.

"केला की. बंद हुता."

सर एका ओळखीच्याच्या जीपमधून आडरस्त्याने कधीच घरी पोहोचले होते. कळवले कुणालाच नव्हते. पत्नी वारल्यापासून त्या घरात कळवण्यासारखे कुणी उरले नव्हते, आणि ती सवयच मोडली होती.

आता व्याख्यान होणार, या भीतीने दोघेतिघे मागे सरकले. सरांनी बागेविषयी अवाक्षर काढले नाही.

"शेवटच्या गाडीपर्यंत उभा होतास?"

"व्हय."

"संपत माझ्याकडेच राहील," सर सरपंचांना म्हणाले.

त्या सकाळी सर डाळिंबांसाठी रडले, असे गाव आजही सांगते. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. काळा चष्मा काढून ते संपतकडे पाहत राहिले आणि दोन्ही डोळे पंच्याने पुसू लागले. ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावू नका, असे डॉक्टरांनी बजावल्याची मी त्यांना आठवणही करून दिली. त्यांनी ऐकले नाही.