कदमकाकांचं लाल क्रेट

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले कदमकाका रविवारचा पेपर वाचत नाहीत, मोजतात. निघोज्याच्या एका कंपनीत ते क्वालिटीला आहेत. पार्ट मापात आहे का ते बघायचं आणि चुकलेला लाल क्रेटमध्ये टाकायचा, हे काम बावीस वर्षं केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं आहे. घरीही त्यांनी मापं घ्यायला स्वतःचा व्हर्नियर ठेवला आहे आणि गॅलरीत एक लाल क्रेट. त्यात पेपरातल्या जाहिराती पडतात.

साडीची जाहिरात असो, नाहीतर बारीक होण्याच्या पावडरीची, काका त्यातल्या बाईच्या डोक्याला आधी व्हर्नियर लावतात, मग कमरेला. "डोकं बावीस, कंबर चोवीस," मला हाक मारून सांगतात. "आतडी कुठं बसवली, राव? रिजेक्ट." आणि लाल पेनाने फुली. पोटावर सहा वड्या पाडलेले जिमवाले गडीही सुटत नाहीत. तळवड्याच्या चौकातलं होर्डिंग हाताला लागत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. मी पडलो चेष्टेखोर. मुद्दाम गुळगुळीत कागदाची मासिकं नेऊन द्यायचो आणि घरी येऊन बायकोला त्यांची नक्कल करून दाखवायचो.

एकदा सहज विचारलं, काका, या बायकांनी तुमचं काय वाकडं केलंय? त्यांनी आधी आतल्या बंद दाराकडे पाहिलं. त्या दाराआड त्यांची मुलगी पूजा असते. कॉलेजात शिकते, ताट आत नेऊन एकटीच जेवते. मला वाटायचं, अभ्यास असेल.

मग काका हळू आवाजात सांगू लागले. दोन वर्षांपूर्वी अशीच एक जाहिरात कापून त्यांनीच फ्रिजवर चिकटवली होती. पावडरीचा डबाही आणला होता आणि पाहुण्यांसमोर पोरीला म्हणाले होते, अशी दिसायला पाहिजेस. पूजाने जेवण सोडलं. कॉलेजात चक्कर येऊन पडली. आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडंथोडं खाते, पण बापासमोर घास तोंडात घालत नाही.

"खराब पार्ट पुढं गेला तर गिऱ्हाईक परत पाठवतं," काका म्हणाले. "मी चांगला पार्ट लाल क्रेटमध्ये टाकला, राव. तिथनं परत कोण आणतं?"

मला माझ्या नकलांची लाज वाटली.

गेल्या रविवारी दुपारी मी तिथेच बसलो होतो. काकू स्वयंपाकघरात होत्या आणि काका एका जाहिरातीवर वाकले होते. आतलं दार उघडलं. पूजा ताट घेऊन बाहेर आली आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीशी बसली. काकांनी मान वर केली नाही. आपण बघितलं तर ही उठून जाईल, अशी धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होती.

"आई, अजून अर्धी वाढ," पूजा म्हणाली.

काका व्हर्नियर उघडा धरून तसेच बसून राहिले. पेपरातल्या त्या बाईचं माप त्यांनी घेतलंच नाही.