मोऱ्यांचा पांढरा पट्टा

मोरे रोज संध्याकाळी साडेसहाला स्वतःच्या मुलीला कमरेत वाकून नमस्कार करत. मुलगी चौदा वर्षांची. तीही न लाजता तो घ्यायची आणि म्हणायची, "मागच्या रांगेत उभे राहा." मग मोरे दुसरी-तिसरीतल्या पोरांमध्ये जाऊन उभे राहत.

हे चालायचं वाशीतल्या आमच्या इमारतीखाली. खांबांमधली ती जागा गाड्यांसाठी होती, पण ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्यापैकी कुणाकडेच गाडी नव्हती. म्हणून चेंबूरहून स्कूटरवर येणाऱ्या एका सरांना आम्ही ती कराटेच्या क्लासला दिली. सोसायटीची सेक्रेटरी मी. परवानगीवर सही माझी, त्यामुळे तक्रारीही माझ्याकडेच यायच्या. "बाप मुलीच्या पाया पडतो, बरं दिसतं का हे?" ही पहिली. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "नियम आहे. सीनियरला नमस्कार करायचा. नातं बाहेर, चपलांजवळ ठेवायचं."

मोरे बेलापूरच्या एका कार्यालयात नकाशे काढत. कराटेचा पोशाख वाशीत मिळेना, तेव्हा त्यांनी तो मांजरपाटाचा शिवून घेतला. शिंप्याने सवयीने छातीवर खिसा लावला आणि मोऱ्यांनी सवयीने त्यात पेन ठेवलं. पहिल्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजोबांनी त्यांना कंपाउंडर समजून हात पुढे केला. मोऱ्यांनी शांतपणे नाडी पाहिली.

"ठीक वाटतेय. पण हा ड्राफ्ट आहे हं, फायनल डॉक्टरांना विचारा."

सगळंच त्यांच्या लेखी ड्राफ्ट असायचं. करपलेला उपमा ड्राफ्ट, सोसायटीचा ठराव ड्राफ्ट.

त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. तेव्हापासून उज्ज्वला, म्हणजे मुलगी, घरात बोलेनाशी झाली. आमच्या स्वयंपाकघरांची भिंत एकच. मला त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, माणसांचा आवाज नाही. "जेवण झाकलंय" आणि "चावी घ्या", एवढंच काय ते दिवसभरात.

क्लासमध्ये मात्र तिला बोलावंच लागे. ती तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचली होती आणि पांढऱ्या पट्टेवाल्यांना शिकवायचं काम तिच्याकडे होतं. पिवळा पट्टा मिळाला की माणूस तिच्याकडून सरांच्या गटात जाई. मोरे जात नव्हते. परीक्षेत ठरलेल्या वीस हालचाली ओळीने करायच्या असत. आठवीला सगळे डावीकडे वळत आणि मोरे उजवीकडे. शेजारचं पोर खाली वाकून त्यांचा हात चुकवी. उज्ज्वला येऊन त्यांचा खांदा धरून वळवी. "बाबा, डावीकडे. पुन्हा करा." पाच परीक्षा झाल्या. पोरं पिवळ्यावरून नारिंगीवर गेली, नवी पोरं आली, तीही गेली.

मला काही कळेना. "अहो, अख्ख्या सेक्टरचे नकाशे काढता तुम्ही. डावं-उजवं कळत नाही?"

"कागदावर कळतं, वहिनी. अंगात यायला वेळ लागतो."

एकदा सकाळी टाकी वाहायला लागली म्हणून मी गच्चीवर गेले. मोरे तिथे एकटेच होते. सहा, सात, आठ. आठवीला ते डावीकडे वळले, एखादा दरवाजा बिजागरीवर फिरावा तसे. वीसच्या वीस बिनचूक. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की गच्चीची चावी यांच्याकडे कशी?

मला पाहून ते खाली बसले.

"कोणाला सांगू नका. पास झालो तर मला सरांकडे टाकतील."

"मग?"

"मग उज्ज्वला मला काय सांगणार? संध्याकाळचा तो एक तास बोलते हो ती. घरी मला विषयच सुचत नाही."

वाईट वाटलं, पण खोटेपणा मला पटत नाही. मी म्हटलं, "मोरे, परवा सर तिला काय म्हणाले ऐकलंत? सगळी पोरं पास होतात, एक माणूस होत नाही, म्हणजे शिकवणाऱ्यात खोट. पोरगी जिन्यात बसली होती तोंड पाडून."

मोरे उठले आणि त्यांनी वाहत्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. "हे मला माहीत नव्हतं," म्हणाले.

पुढच्या परीक्षेला पांढऱ्या पट्ट्यांचे निकाल सरांनी उज्ज्वलावरच सोपवले. मीही मुद्दाम खाली जाऊन उभी राहिले. मोऱ्यांनी सगळं केलं, गच्चीवर केलं होतं तसंच. आठवीला डावीकडे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोऱ्यांचा चेहरा मात्र बदलीचा हुकूम हातात पडल्यासारखा.

उज्ज्वलाने यादी भरली. सगळे पास, एक नापास.

सर म्हणाले, "अगं, बरोबर केलं की त्यांनी."

"नाही सर. श्वास चुकला."

"मला नाही दिसला."

"मी जवळ होते."

सरांनी यादीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले. श्वास चुकला की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. कराटेतलं मला काय कळतं.

मोरे पुढे आले. "कुठे चुकला गं?"

"इथे नाही," ती म्हणाली, "वर चला. चहा टाकते आणि सांगते. वेळ लागेल, पुष्कळ चुकलाय."

दोघं जिना चढायला लागली. ती पुढे, हातवारे करत. ते मागे, ऐकत. पहिल्या मजल्यावरून तिचा आवाज येत होता, दुसऱ्यावरूनही. त्यांच्या दाराची कडी वाजली तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं.