सासूबाईंची जागा आणि ओस्मोची वेबसाइट

बायकोच्या, म्हणजे राइलीच्या, अळंब्यांच्या लोणच्याची वेबसाइट आपणच करायची, असं ओस्मोने सॉनाच्या गरम वाफेत बसून ठरवलं. (सॉनात माणसाला काहीही शक्य वाटतं. घामाबरोबर थोडी अक्कलही निघून जात असावी.)

"अरे, कुणा शिकलेल्याला दे ना ते काम," राइली म्हणाली.

"कागद गिरणीतलं अख्खं यंत्र चालवलंय मी. वेबसाइट ती काय!"

झालं. गडी कंबर कसून बसला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आराखडा काढला: इथे बरण्या, इथे भाव, इथे राइलीचा फोटो. रंगावरून आठवडाभर वाद झाला, कारण त्याच्या लाडक्या पिवळ्याला बायको 'कावीळ' म्हणत होती. मग मजकूर लिहिला, "लोणचं बरं आहे." (याहून जास्त कौतुक केलं तर फिनलंडमध्ये लोक तब्येतीची चौकशी करतात.)

अंगणापलीकडे राहणाऱ्या सासूबाई, हिल्काबाई, कॉफी ओतता ओतता एवढंच म्हणाल्या, "जागा मात्र कुणाला कळता कामा नये हो, जावईबापू."

जागा म्हणजे रानातली, पिवळ्या अळंब्या उगवतात ती. गावात आपली जागा कुणी कुणाला सांगत नाही. मरतानासुद्धा सांगावी की नाही, यावर विचार करतात. ओस्मोला ती सासूबाईंनी दाखवली लग्नाला वीस वर्षं झाल्यावर, शपथ घालून. त्या दिवशी आपण खरे या घरचे झालो असं वाटून त्याला रडू आलं होतं. (डोळ्यात डास गेला, असं त्याने सांगितलं.)

पण फोटो अस्सल हवेत, हा त्याचा हट्ट. म्हणून त्याच जागी जाऊन मोबाइलवर काढले, वेबसाइटवर चढवले आणि शनिवारी सकाळी वेबसाइट सुरू केली. दुपारपर्यंत बघणाऱ्यांचा आकडा भराभर चढला.

"अख्खं गाव बघतंय!"

"ऑर्डरी किती आल्या?"

"एकही नाही."

राइलीने चष्मा लावला. प्रत्येक फोटोखाली एक नकाशा होता आणि त्यावर लाल टाचणी. मोबाइलने फोटोबरोबर ठिकाणही टिपलं होतं आणि वेबसाइटने ते इमानेइतबारे दाखवलं होतं. खिडकीबाहेर बादल्या अडकवलेल्या सायकली रानाकडे चालल्या होत्या. सर्वांत पुढे चर्चच्या पाद्रीबाई.

"आईला तूच सांग," एवढं बोलून राइलीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रडतेय बिचारी, असं ओस्मोला वाटलं.

पण गडी मागे हटणारा नव्हता. टोपी हातात घेऊन तो सासूबाईंच्या दारात उभा राहिला.

"सासूबाई, मला हवं तर घराबाहेर काढा, पण राइलीला बोलू नका. तुमची जागा गेली माझ्यामुळे."

हिल्काबाईंनी मान वर केली नाही. त्या अळंब्या साफ करत होत्या. टेबलभर ताज्या, मातीसकट अळंब्या पसरल्या होत्या.

"या कुठून आणल्या?"

"जागेवरून."

"पण तिथे तर सगळं गाव जमलंय!"

"ती होय? ती जावयांची जागा. माझ्या आईने तुझ्या सासऱ्यालाही तीच दाखवली होती. तू जायच्या आदल्या दिवशी मी मूठभर नेऊन खोचून येते. तुला बरं वाटावं म्हणून."

ओस्मो मटकन स्टुलावर बसला. राइलीचे खांदे कशाने हलत होते ते आता त्याला कळलं.

"एरवी मेले माझ्यावर पाळत ठेवतात," हिल्काबाई म्हणाल्या. "आज सगळे तिकडे गेले, म्हणून मला भरदिवसा खऱ्या जागी जाता आलं. काम बरं केलंस हो."

बरं! आयुष्यात पहिल्यांदा सासूबाई 'बरं' म्हणाल्या होत्या. ओस्मोची छाती फुगली.

"मग खरी जागा आता तरी दाखवाल ना?"

सासूबाईंनी त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि वेलदोड्याचा पाव सरकवला.

"वेबसाइटवाल्याला?"